चोरनळ

एकतीस वर्षं पाणीपुरवठ्यात,
खांद्यावर तीच लोखंडी चावी.
पहाटे चारला गुलटेकडी, साडेपाचला बिबवेवाडी,
चढावरच्यांना नेहमीचंच : आज प्रेशर नाही.

म्हणून इनामदार मॅडमनी पडद्यावर बोट ठेवलं
तेव्हा मला फार समजावावं लागलं नाही.

जांघेतून तार आत. मी जागा.
डाय सोडला की पोटात ऊब पसरते,
चड्डीत झाल्यासारखं वाटतं, झालेलं नसतं.
यकृताकडून गाठीला जाणारी लाइन दोनदा बंद केली,
मार्चमध्ये एकदा, गणपतीच्या आधी एकदा.
तरी तिचा वरचा कोपरा ओलाच.

हिला रक्त येतंय कुठून, मॅडम स्वतःशीच म्हणाल्या.
मी पडल्यापडल्या म्हणालो,
शेजारच्या लाइनवरून. तिकडं बघा.

आणि तिथंच निघालं.
श्वासपटलाची धमनी, छाती-पोटाच्या मधली,
दर श्वासाला वर-खाली होणारी बिचारी,
तिला रातोरात कुणी भोक पाडावं
तशी केसाएवढी वाकडी वाट, थेट गाठीत.
कात्रजच्या जुन्या नळाला दगडी उच्छ्वास आहेत,
त्यांना टेकून आता लोक स्कूटर लावतात.
ते उगाच आठवले.

सत्त्याण्णवच्या मेमध्ये, पर्वती पायथ्याला
असाच एक नळ सापडला होता मला,
सायकलच्या ट्यूबनं आवळलेला.
समोर बाई, सरूबाई का हिरूबाई,
कडेवर पोर, हंडा अर्धा.
ती काहीच बोलली नाही.
मी वहीत लिहिलं : गळती आढळली नाही.

या गाठीसाठी नाही लिहिणार.
मॅडमनी औषधात भिजवलेले बारीक मणी सोडले.
म्हणाल्या, शिळीमकर, उजवा खांदा दुखेल,
उचकीही लागेल एखाद-दोन दिवस.

लागली. रात्री अडीचपासून.
बायको म्हणते, नावं घ्या,
आठवण काढणाऱ्याचं नाव आलं की थांबते.
पुतण्या घेतला, थोरला जावई घेतला,
मेमो देणारा कडूसकरसुद्धा घेतला.
नाही थांबली.
मग तिचा डोळा लागल्यावर, हळूच,
सरूबाई म्हणून पाहिलं.
हिरूबाई म्हणून पाहिलं.

चार वाजले असावेत.
बाहेर कुणीतरी चावी फिरवली,
पाइपातून आधी नुसती हवा आली.