सिंगल बेल

परभणी–जिंतूर, सकाळची सहा दहा.
चव्वेचाळीस बसलेले, एकोणीस उभे.
बोरीच्या म्हातारीला सात रुपये परत द्यायचेत
हे झरीपासून माझ्या ध्यानात असतं.

तुला मी चारच गोष्टी सांगून गेले होते :
गोळी घे, गॅस बंद कर,
मोटार बंद कर, कुलूप लाव.

संध्याकाळी गल्लीभर पाणी.
दार सताड उघडं, पातेल्याच्या बुडाला कोळसा,
गोळी खिडकीत, मुंग्यांनीही न शिवलेली.
आणि तू गच्चीवर,
शेजारच्या पोरांच्या मांज्याचा गुंता सोडवत.
दोन तासांपासून, म्हणे. एका जागी.
पाण्यानं नाही, कोळशानं नाही,
त्या दोन तासांनी माझं डोकं फिरलं.

"इथं बरं बसायलीस गं!"

उत्पला. विहाराच्या भिंतीवरचं निळं कमळ बघून
मीच ठेवलेलं नाव.
तिसरीपासून शाळा तुला उत्पात म्हणते.
त्या संध्याकाळी मीही म्हणाले.

"माय, तू चार सांगतीस,
मला शेवटचं तेवढंच राहतं."
"मग कुलूप कामून नाही लावलं?"
तुला हसू आलं. खरंच आलं असेल,
तुझं हसू कधी वेळ बघून येत नाही.
माझा हात उठला.

न्हाणीची कडी आतून लागली.
बाहेर मी बोलत राहिले :
नांदेडच्या खेपा, डॉक्टरची फी, वर्गबाईंचे फोन,
साहेबानं दिलेला मेमो, तुझा बाप,
पुन्हा ते पातेलं.
डॉक्टर म्हणाले होते, एका वेळी एकच वाक्य बोला.
मी चौदा वर्षांची वाक्यं
एकाच दारावर टाकत होते.

तेव्हा आतून तांब्या बादलीवर आपटला.
एकदाच.
ठण.

माझं तोंड मिटलं.

लहानपणी सुट्टीत तुला गाडीवर न्यायची.
दोरी हातात दिली की तेवढीच शांत व्हायचीस.
एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल :
तुला कधी दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.
सतरा वर्षं ती दोरी मी ओढते.
माझ्यासाठी कुणी ओढलेली
पहिल्यांदाच ऐकली.

मग ओल्या फरशीवरच बसले, पाठ दाराला लावून.
खाकीच्या खिशात सुट्टे टोचत होते.
बोरीच्या म्हातारीचे सात रुपये
त्यातच राहून गेलेले.

डबलची वाट बघत होते.
गल्लीतले दिवे लागले. कुणाच्या तरी घरात फोडणी बसली.

वाजल्या तीन.

तीनचा अर्थ आमच्या अख्ख्या डेपोत नाही.
कितीतरी वाक्यं ओठांवर आली,
त्यातलं एकच सोडलं :
"तीन म्हंजी काय गं?"

आत नळ सुटल्याचा आवाज आला.
बराच वेळ तेवढाच.
मग, बंद केल्याचा.