डॅम्पर

आवाज आधी तिला ऐकू आला.
सुपारी कातरल्यासारखा, ती म्हणाली,
कुणीतरी बॉनेटखाली बसून
सावकाश अडकित्ता चालवतंय.
मी म्हटलं, चौदा वर्षांची गाडी, बोलणारच.
आणि रेडिओ दोन घरं वर केला.

वेगात असताना काही नाही.
थांबलो की सुरू.
महापे, घणसोली, रबाळे,
प्रत्येक सिग्नलला आम्ही एकमेकांना ओरडून सांगायचो
सिलिंडरचा नंबर, मावशीच्या डोळ्याची तारीख,
सोसायटीनं पुन्हा पाठवलेलं पत्र.
काय?
काही नाही.
काय म्हणालास?
म्हटलं, काही नाही!

गणपतीपासून मेपर्यंत.

गोठिवलीत, गावदेवीमागच्या गल्लीत
हेमदास मढवीचं गॅरेज.
तिथं बापाचं भातखाचर होतं म्हणतो,
आता वरून हायटेन्शनच्या तारा गुणगुणतात.
त्यानं लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं,
मूठ कानाला लावली, डोळे मिटले.
एसी लाव. बंद कर. परत लाव.
"पट्टा बरा हाय. पुली बरी हाय.
यो बग. यो मेलाय."

उजवं चाक निघालं, चिखलपट्टी निघाली,
काळोखात दिसली वीतभर नळी,
दोन टोकांना दोन बोल्ट,
अंगावर तेल, तेलावर खाणीची धूळ.
पट्टा ताणायला स्प्रिंग आहे,
फिरवायला इंजिन.
मग हा काय करतो?
हेमदास हसला.
"मार खातंय."

पाना लावून टेन्शनरचा हात मागे रेटला,
भोकात ॲलन की खुपसली, थांब तिथंच,
पट्टा गळून पडला.
वरचा बोल्ट सुटला. खालचा सुटेना.
गंज. स्प्रे. चहा. पुन्हा गंज.
पोऱ्या हितेननं पान्यात पाइप अडकवला,
जबडा आवळला,
आणि कट्ट!
तिघांच्या तोंडून एकच शिवी, सुटकेची.

जुना माझ्या हातात दिला. दाब.
दाबला. गेला आत, रिकाम्या पिचकारीसारखा,
आणि आतच राहिला.
आता नवा दाब.
जाईचना. दोन्ही हातांनी रेटला तेव्हा गेला,
पण स्वतःच्या गतीनं,
आणि तसाच, काही घाई नसल्यासारखा, परत आला.

बावीसशे चाळीस, वर मजुरी सहाशे.
"जुना नेतस का भंगारान टाकू?"
नेतो म्हटलं. कशाला, ते माहीत नाही.
त्यानं पेपरात गुंडाळून मागच्या सीटखाली सारला.

सहा खाचा सहा खाचांत बसल्या,
हेमदासनं बोट फिरवून पाहिलं.
किल्ली फिरवली.
त्यानं कान दिला,
थोडा वेळ,
मग कान काढून घेतला.

तिला भाजीबाजारातून घेतलं,
आळू, शेवगा, दोन कलिंगडं, सगळं मागे.
ऐरोलीच्या सिग्नलला नव्वद सेकंद.
इंजिन चालू आहे हे काट्याकडे बघून कळत होतं.
मी सांगत होतो गंजाचं, पाइपचं,
मार खाण्याचं तर दोनदा सांगितलं.
ती काचेबाहेर बघत म्हणाली,
"ओरडतोयस कशाला?"

शेजारच्या रिक्षातली बाई
आमच्याकडे बघत होती खरी.

जेवताना, फोनवर, रात्री दिवा मालवताना
आवाज चढवू नकोस,
असं ती किती वेळा म्हणाली असेल,
आणि मी दर वेळी,
कुठे चढवतोय!

सत्तेचाळीस. सेहेचाळीस.
मी पुन्हा सुरुवात केली, "तो खालचा बोल्ट..."
इतक्या हळू
की तिला "काय?" म्हणत
माझ्याकडे वाकावं लागलं.

सिग्नल सुटला.
वळणावर सीटखाली पेपरातलं लोखंड
एकदा इकडे घरंगळलं, एकदा तिकडे.
ती सरळ होऊन बसली.
आता हा कसला आवाज?