पहिली फाईल

तांबट आळीत रात्री दीडला उघडली
परक्या डोंगरावरच्या दुर्बिणीची पहिली फाईल:
करडा चौकोन, मेलेले अकरा पिक्सेल,
आणि कडेला, मी पुसणारच होते असा
एक डाग.

ठिपक्याठिपक्याचा वर्णपट उलगडत गेले.
दोन पूर्णांक बारा मायक्रॉनवर
डागाने मान वर केली.
हायड्रोजन. तापलेला.
धुळीआड काहीतरी पेटतंय.

अण्णा पाणी प्यायला उठलेले.
"यंत्र बर्फाहून गार ठेवतात," मी म्हटलं,
"नाहीतर त्याला स्वतःचीच ऊब दिसते."

ते काही बोलले नाहीत.
संध्याकाळी विझवलेल्या भट्टीच्या राखेवर
पालथा हात धरला, न टेकवता,
घंगाळाची डाक जोखतात तसा.
"आहे अजून."

मी नोंदवहीत लिहिलं:
डाग नाही.
मग पुढे, बारीक अक्षरात: बहुधा.