खिळे मोजून परत

पुतेओली बंदराला गव्हाची जहाजं लागतात.
आम्ही वेशीबाहेर राहतो.
काम निघालं तरच आत, तेही रंगीत टोपी घालून,
म्हणजे लोकांना लांबूनच बाजूला होता येतं.

ठेकेदाराचा करार भिंतीवर कोरलाय:
खांब, दोर, फटके मारणारे, ओझं वाहणारे,
माणशी चार नाणी, डांबर वेगळं.
धन्याने गुलाम पाठवला तर खर्च धन्याचा.
करारात नसलेली एक ओळ ठेकेदार तोंडी सांगतो:
खिळे मोजून परत.

मी ओनेसास. खिळे माझ्याकडे.
सुळावरची पोळी म्हणतात ती आम्ही रोज खातो,
कांद्याबरोबर.

म्हातारा दामास सांगायचा,
ही विद्या पूर्वेकडून आली, मग कार्थेजकडून,
ज्याच्या हातात गेली त्याने सुधारली.
सुधारली म्हणजे, मरायला वेळ जास्त लागू लागला.
कापुआपासून रोमपर्यंत सहा हजार उभे केले होते,
त्याच्या पणज्याने त्या रस्त्याने मेंढरं नेली,
मेंढरं खाली बघून चालली, म्हणे, पणजा नाही.
"तलवारीचं काम झटपट, पण ते वाचतो कोण?
हे अक्षर अडाण्यालाही लागतं."
नागरिकासाठी मात्र हे अक्षर नाही.

परवाचा पोरगा भट्टीवरचा, फिलेरोस.
चांदीचा चमचा म्हणे. चमचा नंतर सापडलाही,
पण खांब उभा राहिला होता.

तिसऱ्या दिवशी पकड घेऊन गेलो.
डावीकडचा खिळा हलेना.
जैतुनाच्या लाकडात गाठ होती,
टोक गळासारखं वळून बसलेलं.
ओढावं तर टाच येते सोबत.

खाली दोघी थांबलेल्या.
एक गिऱ्हाईक. चौथ्या दिवसाच्या तापावर
असला खिळा लोकरीत गुंडाळून बांधतात,
तिने पैसे मुठीत धरून ठेवले होते.
दुसरीने काहीच धरलं नव्हतं.
तिचे हात पिठाचे होते, कोपरापर्यंत.

माझ्या पोरीलाही तोच ताप आहे.
तो खिळा मी घरी नेणार होतो,
खोटं कशाला बोलू.

करवतीने लाकूड खिळ्याभोवती कापलं,
टाच, खिळा, लाकडाची चकती, सगळं तसंच
दुसरीच्या पदरात ठेवलं.
तिने वजन घेतल्यासारखं थोडं हात खाली नेलं
आणि निघाली, रस्त्याच्या कडेकडेने.

रात्री ठेकेदाराने मोजले. एक कमी.
कुठे गेला?
म्हटलं, गाठीने खाल्ला.