कोण गं?

फ्रेस्नोत एप्रिल, दुपारचे चार.
कुंपणापलीकडून आराक्सीची हाक:
"चष्मा घेऊन ये. आणि लोणच्याची रिकामी बरणी."

द्राक्षाच्या मांडवाखाली, हवेत,
खुंटीला टांगावा तसा एकाच जागी तो.
सोनेरी. अंगभर लव,
पिकल्या जर्दाळूवर असते तशी, पण दाट.
आणि डोळे हिरवे.
पोपटी नव्हेत; कच्च्या द्राक्षाच्या आत
कोणी दिवा लावलाय असे.

"मधमाशी?"
"एवढी जाड?"
"गांधीलमाशी मग."
"कंबर कुठाय हिला?"
"बाहेरून आलं असेल, बदामाच्या खोक्यांतून."
आराक्सीने माझ्याकडे नुसतं पाहिलं.
आमच्या गल्लीत हे कोण कोणाला म्हणणार!

काळे भुंगे आमच्या ओळखीचे.
हागोपने घातलेल्या रेडवूडच्या तुळईला
त्यांनी पाडलेली चौदा भोकं,
ड्रिलनेही इतकी गोल पडत नाहीत,
आणि खाली फरशीवर भुसा.
दर वसंतात तो शिडीवर चढायचा,
शिव्या देत देत लांबी भरायचा
आणि भोकाशेजारी पेन्सिलीने नाव लिहायचा.
बँकेचा मॅनेजर. सार्जंट. पाद्री वार्तान.
चौथं गाराबेद, म्हणजे माझा नवरा, त्याचा साडू,
ज्याने करवत नेली ती आणलीच नाही.

हागोपला जाऊन दोन वर्षं झाली.
लांबी सगळी पुन्हा पोखरून झाली.

बरणीत तो काचेवर आपटत होता.
शेजारचा फेंग, शेतकी कॉलेजातला,
कुंपणावर रेलून म्हणाला,
"सोडा त्याला, आजी. नांगीच नाही त्याला.
तुमच्या काळ्यांतलाच आहे. नर."

"आणि काळे?"

"काळ्या. सगळ्या माद्या.
पोखरतात त्या. हा नुसता जागा राखतो."

मी वर पाहिलं.
मॅनेजर, सार्जंट, पाद्री, गाराबेद,
पेन्सिल अजून पुसली नव्हती.
मला हसू फुटलं. आराक्सीने ओठ दाबून धरले,
थोडा वेळ.

झाकण काढलं तरी गेला नाही कुठे.
परत त्याच जागी, हवेच्या त्याच खुंटीवर.
गुलाबासारखा वास आला,
की मलाच वाटलं.

मग दुखऱ्या गुडघ्याने आराक्सी
हागोपच्या शिडीवर चढली, दोनच पायऱ्या,
आणि तुळईला कान लावला.
आत कोणीतरी कुरतडत होतं.

"कोण गं?" तिने विचारलं.