छत्तीस पानी

निघायच्या आदल्या रात्री
जेल रोडच्या आमच्या हॉलमध्ये, टीव्ही बंद करून,
पप्पांनी मला झडती कशी द्यायची ते शिकवलं.
हात असे. खांद्याच्या जरा वर.
घाई नको, हसू नको,
आणि खिशात काही नाही
हे आधी स्वतःला पटलेलं असू दे.
एकोणतीस वर्षं रोज
प्रेसच्या गेटवर हेच करत आलेला माणूस.
आई म्हणाली, पोरीला घाबरवू नका.
मी घाबरले नव्हते. मी त्यांच्या डब्याकडे बघत होते,
जो रोज कुणीतरी उघडून बघतं
आणि मग तो घरी येतो.

पासपोर्ट नाशिकरोडलाच छापतात.
आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत,
घरात बोलायचं नसतं इतकंच.
माझा पोस्टाने आला तेव्हा पप्पांनी तो उघडला नाही.
आधी कण्यावरून अंगठा फिरवला,
शिलाई संपते तिथे थांबले,
म्हणाले, ठेव नीट.

त्यांचा स्वतःचा नाही.

तार्तूच्या नदीचं नाव एमायोगी, म्हणजे आईनदी.
आमच्याकडेही एक आहे, मी वर्गात सांगितलं,
तिला आई म्हणतात आणि तिच्यात रिक्षा धुतात.
कुणी हसलं नाही. वहीत लिहून घेतलं.

पहिले दोन महिने पहाटे साडेपाचला जाग यायची.
वाटायचं फ्रीज असेल, पाईप असेल.
खोलीत आवाजच नसायचा.
नाशिकरोडला तेव्हा आठ वाजायचे. भोंगा.
मग ऑक्टोबरअखेर त्यांनी सगळी घड्याळं
तासभर मागे नेली.
पप्पांना फोनवर सांगितलं तर म्हणाले,
कुणाला विचारून?
त्यानंतर साडेचारला.

रूममेट नातिया, जॉर्जियाची. तिने विचारलं,
नाशिक कसं आहे?
द्राक्षं म्हणावं, तर ती त्यांच्याकडे आमच्याआधीपासून.
देवळं म्हणावीत, तर तीही.
मी तिच्या हातात पासपोर्ट दिला.
तिने तो नाकाशी धरला, बराच वेळ,
आणि म्हणाली, गोंदासारखं. चांगलं आहे.

जानेवारीअखेर परत आले.
गल्लीत सगळे मफलर गुंडाळून,
मी अर्ध्या बाह्यांत.
बोराडे काकू म्हणाल्या, हिला आता थंडी वाजत नाही,
आणि बर्फाचं विचारलं. बर्फाचं सांगितलं.
एका पेपरात नापास झाले ते नाही सांगितलं.
राईच्या काळ्या पावाची आठवण येते,
पोळी समोर असताना, तेही नाही.
डिसेंबरात एकदा तीन दिवस
मी कुणाशी काही बोललेच नव्हते,
आणि चौथ्या दिवशी निघालेल्या बसमागे धावताना
तोंडातून आलं, ओ, थांबा!
तो थांबला.
हे कुणाला, कसं सांगायचं?

रात्री जेवणं झाल्यावर पप्पा म्हणाले, आण बघू.
ट्यूबलाइटखाली धरून एकेक पान.
व्हिसाच्या स्टिकरवर नख लावून पाहिलं,
कोपरा सुटत नाही म्हणून मान हलवली.
मग फ्रँकफर्टचा शिक्का.
तिरका मारलाय.
हो.
आमच्याकडे असं पान बाद.
बनियनच्या टोकाने त्यांनी तो पुसल्यासारखा केला,
पुसला जाणार नाही हे माहीत असून.
कोरी पानं मोजली, थुंकी न लावता,
फार झरझर, माझे डोळे पोचेनात.
बरीच उरलीत, म्हणाले.
आणि माझ्या जाण्याबद्दल ते एवढंच बोलले.

आज सकाळी टेबलावर त्यांचे चार फोटो,
मागे पांढरा पडदा, केसांना पाणी.
जूनमध्ये रिटायर होतोय, फॉर्म तू भर.
जायचं कुठे? ते बघू.
आधी चुकलं तर खोडता येतं का ते सांग.
फोटोत ते हसत नाहीयेत.
खिशात काही नाही, असा चेहरा.
आई चष्मा लावून चारही फोटो बघते,
म्हणते, कान नीट दिसत नाहीत,
परत काढून या.