शंभर प्लॉट

नकाशात आमचं नाव वेगळं होतं.
निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा,
चाळीस फुटी रस्ता, बाग, बागेत कारंजं,
आणि उत्तरेच्या कोपऱ्यात, वाऱ्याच्या तोंडाला, 'बाजार'.
संकेश्वरात ते नाव कुणी घेतलं नाही.
हिरण्यकेशी खालच्या गल्लीत शिरली त्या साली
माळावर खुंट्या मारल्या, चुन्याची फक्की ओढली,
लोक म्हणाले, चला शंभर प्लॉटात.

बाजार काही त्या कोपऱ्यात भरला नाही.
गडहिंग्लजची एस.टी. जिथं वळायला थांबायची
तिथं तवनाप्पा मगदूमनं मिरचीचं पोतं उतरवलं.
म्हणाला, गिऱ्हाईक शिंकलं की कळतंय की दुकान कुठाय.
मग हुसेनसाब कल्हईवाला, भाता घेऊन.
मग गंगव्वाचं चहाचं खोकं.
मग माझा बाप. सायकली चार, पंप एक.
बागेची जागा अजून बागेचीच आहे,
तिथं म्हशी बसतात.

संघ निघाला 'व्यापाराच्या उत्कर्षार्थ',
असं बापाच्या अक्षरात पहिल्या पानावर आहे.
पान उलटलं की हिशेब:
गॅसबत्ती एक, मेंटल दोन, रॉकेल.
अंधार पडला की गिऱ्हाईक पेठेत जायचं,
एवढंच कारण.

बत्ती कुणी पेटवायची, हे पहिलं भांडण.
पाटी कुठल्या भाषेत, हे दुसरं.
दोन्हीत, असं ठरल्यावर
वर कोणती नि खाली कोणती, त्यावर तीन बैठका.
शेवटी पेंटर यल्लाप्पानंच फळी आडवी टांगली, रस्त्याच्या अंगावर:
हुक्केरीकडनं येणाऱ्याला कन्नड,
गडहिंग्लजकडनं येणाऱ्याला मराठी.
'संघ' दोन्हीकडं संघच की हो, म्हणाला,
त्याचे पैसे एकदाच द्या.
वारा सुटला की पाटी गरगरायची
आणि कुत्री भुंकायची तिच्यावर.

आता सेक्रेटरी मी.
विषयपत्रिकेवर कॅमेऱ्याची वर्गणी,
गटार,
आणि हीरकमहोत्सवाची फरशी.
संस्थापक सात, असं सगळे सांगतात. सातांची नावं पाठ आहेत.
वहीत वर्गणी मात्र आठ जणांची:
सात वेळा आठ आणे,
आणि खाली, बारीक, 'गंगव्वा, सहा आणे,
बाकी दोन चहात वळते'.

पाथरवट छिन्नी टेकवून विचारतोय,
आडनाव काय घालू, अक्का?
मी सगळ्या दुकानांत विचारून आले.
म्हटलं, थांब जरा.
चहा घे तोवर.